एकाच घरातले बीएसडी, पण वाटण्या झालेल्या

लिनक्सवाले कितीही डिस्ट्रो (त्याच लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या) काढू देत, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, शेवटी एकच असतो ना, युनिक्समधून आलेल्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यात तसं नाही, तिथे वाटणी झाली की कर्नलसकट सगळा संसार वेगळा. १९९३ साली ३८६बीएसडी या पीसीसाठीच्या जुन्या बीएसडीच्या कोडमधून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी निघाले, मग नेटबीएसडीच्या टीमशी खटके उडून बाहेर पडलेल्या थिओ द राटने १९९५ मध्ये ओपनबीएसडी काढलं.

नेटबीएसडीला जगातल्या प्रत्येक मशीनवर चालायचंय, अगदी व्हॅक्स या जुन्या काळच्या कॉम्प्युटरवरसुद्धा. ओपनबीएसडीने मात्र २०१६ मध्ये व्हॅक्सला सरळ रामराम ठोकला, तिकडे सिक्युरिटी म्हणजे सिक्युरिटी, बाकी सगळं नंतर. त्यांची प्लेज नावाची सोय बघा, फाइल दाखवणारा साधा कॅट प्रोग्राम सुरू होतानाच कर्नलला सांगतो की बाबा मी फक्त फाइल वाचणार आणि छापणार, आणि नंतर त्याने नेटवर्क उघडायचा प्रयत्न जरी केला तरी कर्नल त्याला जागच्या जागी मारून टाकतो!! २०१८ मध्ये तर यांनी हायपरथ्रेडिंगच (प्रोसेसरच्या एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवायची सोय) बाय डिफॉल्ट बंद केलं, स्पीड गेला तर गेला. मला हा हट्टीपणा जाम आवडतो.

फ्रीबीएसडीचा सगळा जोर सर्व्हरवर, झेडएफएस ही फाइल सिस्टिम, प्रोग्राम्सना एकमेकांपासून वेगळं कोंडून ठेवणारे जेल्स वगैरे, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हरही त्यावरच चालतात. पण त्यातही मल्टिप्रोसेसरचं काम कसं करायचं यावरून बिनसलं आणि २००३ मध्ये मॅट डिलनने ड्रॅगनफ्लाय हे चौथं बीएसडी काढलं.

गंमत म्हणजे ओपनबीएसडीवाल्यांचं ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, बाकीचे तिघेही वापरतात, आणि तुमचा लिनक्स सर्व्हरपण.