कोंबडा की कोंबडी?

करवंदांवर वाढलेल्या माणसाला हिल्ला पहिल्याच भेटीत फसवतं. करवंद आधी हिरवं, मग लालसर, मग काळंभोर; काळं झालं की तोंडात. फिनलंडच्या दलदलीतलं हे फळ मात्र कच्चं असताना लालचुटूक आणि टणक, आणि पिकेल तसं फिकट होत जातं. शेवटी त्यावर आमरसाचा रंग चढतो. पहिल्या वर्षी मी औलू शहराबाहेरून डबाभर लाल फळं मोठ्या हौसेने तोडून आणली. शेजारच्या आजींनी डब्यात डोकावून पाहिलं आणि हवापाण्याचा विषय काढला.

दुसऱ्या वर्षी जूनमध्येच कंबर कसली. गमबूट घालून निघालो. स्फॅग्नमचं शेवाळ ओल्या गादीसारखं दबतं आणि पाऊल उचललं की ‘पच्च’ करून सोडतं. डासांबद्दल न बोललेलंच बरं. रोप वीतभर, जेमतेम दोन-तीन पानं, आणि प्रत्येक दांड्याला मोजून एक पांढरं फूल. एक फूल, एकच फळ. तेही रात्रीच्या थंडीत फूल गारठलं नाही आणि पावसाने किडामाशी घरात बसवली नाही तर. मला एक अख्खा पांढराशुभ्र पट्टा सापडला. फोनच्या नकाशावर खूण केली आणि घरी कुणालाही सांगितलं नाही. इथे रानातली फळं कुणीही तोडावीत, मालकाला विचारायला नको. म्हणून तर हिल्ल्याची जागा बँकेच्या पिनसारखी जपायची असते.

जुलैच्या शेवटी दोन डबे घेऊन गेलो. पानं होती, डास होते. फळ एकही नाही.

आजींना शेवटी विचारलंच. त्या इतक्या हसल्या की कॉफी सांडली. हिल्ल्यात नर आणि मादी अशी वेगवेगळी रोपं असतात, आणि एकेक रोप जमिनीखालच्या खोडातून पसरत ऐसपैस जागा व्यापतं. माझा सगळा पट्टा नरांचा होता!

लहानपणी करवंद दाताने फोडायच्या आधी आम्ही ओरडायचो, “कोंबडा की कोंबडी?” आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. तो निव्वळ खेळ होता. हरलं तरी करवंद पोटातच जायचं. इथे तोच प्रश्न वनस्पतिशास्त्राने गंभीरपणे घेतलाय, आणि चुकलं की डबा रिकामा.

आजींनी त्यांची जागा काही सांगितली नाही. पण एक बरणी दिली. नुसत्या पाण्यात बुडवलेली फळं. अंगच्याच बेंझोइक आम्लामुळे ती तशीच टिकतात. गरम केलेल्या लेइपायुस्तोवर, म्हणजे दाताखाली कुरकुरणाऱ्या चीजवर, ती घालून खाल्ली. आंबट, किंचित मधाळ, आणि बिया अशा की दातांत अडकून संध्याकाळपर्यंत सोबत करतात. दोन युरोच्या फिनिश नाण्यावर याच फळाचं चित्र आहे. इतकी वर्षं मी ते रास्पबेरीचं समजत होतो.

सप्टेंबरात पानं तांबूस होऊन झडली, मग सगळ्यावर बर्फ बसला. यंदा जूनमध्ये पुन्हा गेलो. गुडघे शेवाळात रुतवून एकेका फुलात नाक खुपसून पाहिलं. पहिलं फूल: परागांनी भरलेले केसर. कोंबडा. दुसरं, कोंबडा. अकराव्या फुलात मधोमध हिरवट गुच्छ दिसला, आणि त्या निर्मनुष्य दलदलीत मी चक्क मोठ्याने ओरडलो, “कोंबडी!”