हॉलमधला जपानी पाऊस

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या हॉलमध्ये शेवटी जपानी चित्रकार हिरोशिगेचा पाऊस लागला, म्हणजे १८५७ चं ते पुलावर अचानक आलेल्या सरीचं चित्र, ओरिजिनल नव्हे, चांगली प्रिंट, खडेबाजारातनं साधी काळी फ्रेम करून आणली. जवळ जाऊन बघा, पावसाच्या बारीक रेषा दोन वेगवेगळ्या तिरक्या दिशांनी पडतात, माणसं छत्र्या सावरत पळतायत आणि खाली नदीत एकटा तराफेवाला. अशी चित्रं लाकडी ठोकळ्यांनी कागदावर छापायचे, प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा कोरायचे, काय ते हात! आई बघून म्हणाली, "अगं, हा तर आपला जुलैतला पाऊस की!" फक्त उन्हाची भिंत टाळा, रंग उडतात, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ओल धरते म्हणून फ्रेममागं बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून जरा सुटी ठेवलीय.