बंडोपंतांचे पाणी

कासव पाळणे सोपे असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. ते भुंकत नाही, त्याला फिरवून आणावे लागत नाही आणि त्याचे केस सोफ्यावर पडत नाहीत. डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले दीड-दोन इंचांचे हिरवेगार पिल्लू हातात देताना दुकानदारही हेच सांगतो आणि सोबत वाळवलेल्या कोळंबीची पुडी खपवतो. हे पिल्लू मादी निघाल्यास पाऊण-एक फूट लांब होते आणि नीट सांभाळल्यास सहज तीस वर्षे जगते, एवढे सांगायचे तो तेवढा विसरतो.

आमच्या घरी असे कासव मुलीच्या हट्टाखातर आले. पुढे मुलगी शिक्षणासाठी बेंगळुरूला गेली आणि कासव, अशा घरांतील रीतीप्रमाणे, आईवडिलांच्या वाट्याला आले. त्याचे नाव बंडोपंत. जात रेड-इअर्ड स्लायडर, मूळ मुलूख अमेरिकेतील मिसिसिपीचे खोरे. त्याची देखभाल करताना मला हळूहळू उमगत गेले, की माझा खरा संबंध कासवाशी फार थोडा आहे. मी सांभाळतो ते त्याचे पाणी आणि त्याचे ऊन.

पाण्याचे आधी सांगतो, कारण कामाचा मोठा वाटा तिथेच जातो. या जातीचे कासव पाण्याखेरीज नीट गिळू शकत नाही. घास तोंडात धरून ते पाण्यात डोके बुडवते आणि पाण्याच्या घोटाबरोबर तो आत ढकलते. त्यामुळे जिथे जेवण, तिथेच स्नान आणि तिथेच बाकी सारे विधी, अशी व्यवस्था असते. कवचाच्या दर इंचामागे साधारण चाळीस लिटर पाणी असावे, हा अनुभवी पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब. माशांसाठी पुरेसा पडणारा फिल्टर इथे आठवड्याभरात हात टेकतो, म्हणून टाकीच्या मानाने दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो आणि तरीही बादली व नळी घेऊन बसणे चुकत नाही. काढलेले पाणी जास्वंदीला आणि मोगऱ्याला मानवते. कढीपत्त्याला मात्र मी ते घालू देत नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. ते मुलांना बाधतात, म्हणूनच चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यावर अमेरिकेने १९७५ साली बंदी घातली. साबणाने हात धुणे आणि टाकीचे सामान स्वयंपाकघरातील सिंकमध्ये न विसळणे, हे दोन नियम आमच्याकडे पाहुण्यांनाही लागू आहेत.

उन्हाची गोष्ट जरा नाजूक आहे. अंग पूर्ण कोरडे होईल अशा उंचवट्यावर बसून कासवाला ऊन खावे लागते. उन्हातील अतिनील किरणांच्या आधारे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून पोटात गेलेले कॅल्शियम कामी येत नाही. कवच मऊ पडू लागते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन दिसायला लख्ख असले तरी यासाठी निरुपयोगी, कारण ते किरण काच अडवते. पुण्याचा आषाढ-श्रावण तर सूर्याविनाच जातो, तेव्हा खास दिव्यावर भागवावे लागते. आणि हा दिवा असा लबाड, की उजेड देत राहतो पण काही महिन्यांनी त्यातील किरण मंदावतात, म्हणून चालू असतानाच तो बदलावा लागतो. लोक कासवाच्या पाठीवर हौसेने रंग लावतात, तेव्हा मला राग येतो. कवच हे त्याच्या फासळ्या आणि कणा मिळून झालेले जिवंत हाड आहे. त्यावर बोट फिरवलेले त्याला कळते.

आहाराबाबत पंत हेकट आहेत. लहानपणी मांसाहार अधिक आणि वय वाढेल तशी पालेभाजी, हा या जातीचा क्रम. पण पानांकडे पाहण्याची त्यांची मुद्रा पंगतीत कारले वाढल्यासारखी असते. पालक आम्ही टाळतो, कारण तो कॅल्शियम अडवून धरतो. गाजराचा कीस लागतो, कारण अ जीवनसत्त्व कमी पडले की डोळे सुजतात. कॅल्शियमसाठी टाकीत समुद्रफेसाचा एक तुकडा कायम तरंगत असतो. मी दिसताच पंत चारही पाय मारत काचेवर धडकतात आणि आलेगेले म्हणतात, ‘बघा, ओळखतो हो तुम्हाला!’ ओळख आहे, ती डब्याची. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

पुढे एका उन्हाळ्यात पंतांनी अंडी घातली. नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक असतात, यांची आखूडच राहिली होती, तेव्हा शंका होतीच. नर नसतानाही मादी अशी निष्फळ अंडी घालते, आणि तिला उकरायला ओलसर वाळू न मिळाल्यास ती पोटात अडकून जिवावर बेततात. म्हणून गॅलरीत आता वाळूचे घमेले आहे. नाव बदलण्याचा ठराव बहुमताअभावी बारगळला.

‘मोठे झाले की तळ्यात सोडून द्या,’ असा सल्ला देणारे अनेक भेटतात. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत पंतांच्या जातीचे नाव आहे; गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ती २०१८ साली आढळली, ती कोणाच्या तरी घरूनच आली असणार. अशा ठिकाणी ती आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. त्यामुळे तळ्याचा प्रश्नच नाही. मुलीने आता बेंगळुरूत भाड्याचे घर शोधायला घेतले आहे आणि दलालाला पहिली अट सांगितली आहे, की गॅलरी पूर्वेकडे हवी. दुसरी अट भाड्याची आहे.