मुलांच्या कार्यक्रमाची ताई होताना

लहान मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन म्हणजे आवाज चढवायचा, डोळे मोठे करायचे आणि दर दोन वाक्यांनी टाळ्या पिटायच्या, असं समजणारी माणसं मला आजही भेटतात. टीव्हीवर मुलांची ताई म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. त्यात सगळ्यात अवघड काय होतं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: प्रश्न विचारून गप्प राहणं. बाकीचं सरावाने जमतं. गप्प राहणं मात्र मुद्दाम शिकावं लागतं, आणि ते शिकण्यातच माझी पहिली दोन-तीन वर्षं गेली.

ऑडिशनच्या वेळी मी नाटकात काम करत होते. संहिता दिलीच नाही. समोर एक रिकामं खोकं ठेवलं आणि सांगितलं, याच्याबद्दल चार वर्षांच्या एका मुलाशी बोला. मुलांशी नाही, एका मुलाशी. टीव्ही बघताना मूल एकटं असतं, किंवा आजीच्या मांडीवर असतं. ते सभेत बसलेलं नसतं. तेव्हा भिंगाच्या पलीकडे एकच जण आहे असं धरून बोलायचं. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वळण घ्यावं लागतं.

दुसऱ्या फेरीत खरी मुलं होती. खोलीत चार-पाच मुलं, थोडी खेळणी आणि मी. निर्मात्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्यांचं सगळं लक्ष मुलांकडे. मुलं मला खेळात घेतात का, मी बोलताना त्यांची नजर कुठे जाते, एवढंच त्या टिपून घेत होत्या. अमेरिकेतल्या ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमासाठी निवेदक म्हणून स्टीव्ह बर्न्सची निवड झाली तेव्हाही चाचणीला बसवलेल्या लहानग्यांचा कौल मोलाचा ठरला होता, हे मला नंतर कळलं. निवडीची ही पद्धत मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते.

निवड झाल्यावर काही आठवडे नुसतं बघायचं काम होतं. जुन्या कार्यक्रमांच्या टेप लावायच्या आणि निवेदक काय करतो ते लिहून काढायचं. त्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो फ्रेड रॉजर्स यांच्यावर. ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ १९६८ साली अमेरिकेत देशभर दिसू लागलं आणि नवे भाग २००१ पर्यंत येत राहिले. दर वेळी घरात यायचं, कोट काढून स्वेटर घालायचा, बूट काढून कॅनव्हासचे बूट चढवायचे, आणि यातलं काहीही घाईत करायचं नाही. माशांना खाणं घालतानाही ते तोंडाने तसं सांगत. कारण एका अंध मुलीला माशांची काळजी वाटत होती. त्यांनी सांगितल्याशिवाय तिला कसं कळणार की मासे उपाशी नाहीत? ही गोष्ट कळल्यावर मी हातातली प्रत्येक वस्तू बोलून दाखवू लागले. ती सवय अजून गेलेली नाही.

रॉजर्स दर आठवड्याला मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसशास्त्रज्ञांबरोबर बसून संहितेवर चर्चा करत. आमच्याकडेही संहिता वाचायला एक बालमानसतज्ज्ञ बाई येत. एकदा कागदकामाच्या भागात ओळ होती: कात्रीशी खेळू नका, लागेल. बाईंनी आधी ‘नका’ काढलं, कारण काय करायचं नाही हे ऐकून लहान मुलाला काय करायचं ते कळत नाही. मग ओळ झाली: कात्री वापरताना आईला जवळ बोलाव. मग ‘आई’ काढलं, कारण ज्याच्या घरी आई नाही ते मूलही हेच ऐकणार. शेवटी राहिलं ते असं: कात्री हवी असेल तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसायला सांग. एका ओळीसाठी चांगला अर्धा तास गेला. तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

आता गप्प राहण्याबद्दल. ‘ब्लूज क्लूज’ १९९६ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यात निवेदक प्रश्न विचारून खरोखर थांबायचा आणि तोच भाग आठवड्यात पाच दिवस लागोपाठ दाखवला जायचा. पुन्हा पुन्हा बघितल्यावर मुलं पडद्याशी जास्त बोलू लागतात आणि त्यांना कोडीही जास्त समजतात, असं अभ्यासात दिसलं. मोठ्या माणसाला टीव्हीवरची शांतता बिघाडासारखी वाटते. लहान मुलाला मात्र प्रश्न ऐकायला, समजायला, उत्तर शोधायला आणि ते तोंडातून बाहेर काढायला तेवढा वेळ लागतोच.

सुरुवातीला आमचे फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याखाली बसून एकेक बोट मिटवत सेकंद दाखवायचे. तेवढा वेळ चेहऱ्याचं काय करायचं? नुसतं हसू ताणून धरलं तर पुतळा दिसतो. मी माझ्यापुरता एक उपाय काढला. प्रत्येक प्रश्नानंतर मनातल्या मनात एका मुलाचं उत्तर पूर्ण ऐकायचं, आणि दर वेळी वेगळं उत्तर. कधी बरोबर, कधी चुकीचं, कधी विषय सोडून भलतंच. मग डोळे आपोआप ऐकू लागतात. त्याहून नाजूक असतं पुढचं वाक्य. मुलाने काय उत्तर दिलं ते आपल्याला माहीत नसतं, मग ‘शाब्बास, बरोबर!’ कसं म्हणणार? ज्याने चुकीचं उत्तर दिलं, त्याच्याशी ते खोटं बोलणं होतं. म्हणून ‘असं वाटतं तुला? चल, करून बघू’ असं, कुठल्याही उत्तराला बसणारं वाक्य लागतं. अशी वाक्यं लिहिणारा लेखक मिळाला तर त्याला धरून ठेवावं.

बाकी तांत्रिक गोष्टी पटकन अंगवळणी पडतात. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यामुळे निम्मं काम जमिनीवर बसून. प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर संहिता दाखवणारा पडदा, वाचताना बुबुळं हलू द्यायची नाहीत. कानात टॉकबॅकवर दिग्दर्शकाचा आवाज सुरू असतो, तोही समोरचं मूल बोलत असताना. आमच्याकडे एक कासव होतं, हातबाहुली. बोलताना मी कासवाच्या डोळ्यांत बघायची, टेबलाखाली बसून हात वर धरलेल्या कलाकाराकडे कधीच नाही. तो कलाकार तासन् तास तसा बसायचा, आणि पडद्यावर त्याचा चेहरा एकदाही आला नाही. मुलांच्या कार्यक्रमातली सगळ्यात कष्टाची जागा तीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डिंगचा एक दिवस मात्र सविस्तर सांगायला हवा. भाग सावलीवर होता. पाहुणा म्हणून आलेला मुलगा पाच वर्षांचा असेल. रिहर्सलमध्ये भरपूर बोलला आणि दिवे लागल्यावर गप्प झाला. समोर पांढरी भिंत, मध्ये लाकडी हत्ती, मुलाच्या हातात टॉर्च. मी विचारलं, ही सावली मोठी कशी होईल? तो टॉर्चकडे बघत राहिला. कानात आवाज आला, ‘पुढे चल, कासवावर जाऊ.’ मी थांबले. पुन्हा आवाज आला. मी हत्तीकडे बघत राहिले, त्याच्याकडेही नाही, कारण मोठ्या माणसाची टक लागली की मूल आणखी आक्रसतं. मग त्याने टॉर्च हळूहळू हत्तीजवळ नेला. सावली भिंतीवर चढत गेली, सोंड छताला लागली, आणि तो दोन पावलं मागे सरून ओरडला, ‘हत्ती जवळ आला!’

संहितेत पुढे माझं वाक्य होतं: प्रकाश वस्तूच्या जवळ नेला की सावली मोठी होते. मी ते म्हटलं नाही. मोठं दिसतं ते जवळ आलेलं असतं, हा त्याचा हिशोब त्याच्या रोजच्या अनुभवातून आला होता आणि त्यात दम होता. मी म्हटलं, ‘आला खरा. त्याला परत लांब पाठवता येईल?’ त्याने टॉर्च मागे घेतला. हत्ती लहान झाला. मग पुढे, मग मागे. काही वेळाने तो स्वतःच म्हणाला, ‘हत्ती तिथंच आहे. मीच टॉर्च हलवतोय.’ दिग्दर्शकांनी ते सगळं ठेवलं, आणि कासवाचा प्रसंग पुढच्या भागात ढकलला.

एक गोष्ट आम्ही पहिल्यापासून गृहीत धरली होती. अगदी लहान मूल, साधारण तीन वर्षांच्या आतलं, समोरच्या जिवंत माणसाकडून जेवढं शिकतं तेवढं पडद्यावरून शिकत नाही. अभ्यासक हे पुन्हा पुन्हा दाखवत आले आहेत. म्हणून प्रत्येक भागात एक तरी गोष्ट अशी असायची की ती करायला मुलाला टीव्हीसमोरून उठावं लागेल. खिडकीपाशी जा, तुझी सावली कुठे पडते ते बघून ये. पाठ फिरवून गेलेला प्रेक्षक परत येईल का, याची मला कधी धास्ती वाटली नाही.

मी चष्मा लावते. सुरुवातीला लेन्स लावाव्यात का, यावर बोलणं झालं आणि चष्मा राहिला. ब्रिटनमध्ये २००९ साली सेरी बर्नेल सीबीबीज या बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर निवेदक म्हणून आली. तिचा एक हात कोपरापासून पुढे नाही. काही पालकांनी तक्रार केली की मुलं घाबरतील. ती २०१७ पर्यंत तिथे काम करत राहिली. त्या तक्रारी वाचून मला फार राग आला होता. मूल तर सरळ विचारतं, हात का नाही, आणि उत्तर मिळालं की पुढच्या गोष्टीकडे वळतं. माझ्याकडे मुलांची चित्रं यायची. त्यात चष्मा लागलेली मुलं स्वतःचं चित्र चष्म्यासकट काढून पाठवायची. ती मी सगळी जपून ठेवली आहेत.

स्टुडिओबाहेरचं आयुष्य या कामात वेगळं राहत नाही. रस्त्यात मूल भेटलं की आईवडील त्याला पुढे ढकलतात, ‘बोल ना ताईशी, रोज तर बघतोस!’ मूल आईच्या मागे लपतं. मी खाली बसायची आणि त्याच्या बुटांबद्दल काहीतरी बोलायची. एका मुलीने विचारलं, काल मी दूध सांडलं ते तू बघितलंस का? मी तिला दिसते तर मलाही ती दिसतच असणार. मी म्हटलं, ‘टीव्हीतून मला दिसत नाही. तू सांग ना, काय झालं?’ तिने सगळं सांगितलं.

याच विश्वासामुळे जाहिराती घ्यायच्या नाहीत असं मी ठरवलं. विचारणा सतत व्हायची, आणि मालिका संपल्यावर पुढचं काम मिळेपर्यंत हात आखडता असायचा, तेव्हा मोहही व्हायचा. डबिंग करून दिवस काढले. मुलांच्या कार्यक्रमात किंवा त्याला लागून त्याच कार्यक्रमाच्या निवेदकाने माल विकायचा नाही, असं अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने १९७४ सालीच सांगितलं. स्वीडनने तर १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच बंदी घातली. नियम असो वा नसो, जे मूल मला खरं मानतं त्याला मी बिस्किटं विकायची नाहीत, याबद्दल माझ्या मनात कधी दुमत नव्हतं. ‘अजून मुलांचंच करतेस?’ असं विचारणाऱ्यांनाही मी एवढंच सांगायची, हो, मुलांचंच करते.

कार्यक्रम सोडायची वेळ आली तेव्हा निरोप कसा घ्यायचा यावर बैठका झाल्या. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमातल्या दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या अखेरीस वारले. त्यानंतर १९८३ मध्ये त्या चमूने मुलांना साध्या शब्दांत खरं सांगितलं: मिस्टर हूपर वारले, ते परत येणार नाहीत. एवढं अवघड ते सांगू शकले, तर मी काम बदलतेय हे सांगायला आडपडदा कशाला? ‘ब्लूज क्लूज’मध्ये स्टीव्ह २००२ साली कॉलेजला जातो असं दाखवलं, आणि जाण्याआधी त्याचा ‘जो’ नावाचा भाऊ घरी येऊन राहतो. आम्हीही नवी ताई माझ्यासोबत काही भाग आणली. शेवटच्या भागात मी सांगितलं की मी आता दुसरं काम करणार आहे, मी कुणावर रागावलेली नाही, आणि तू काही केलंस म्हणून मी जात नाहीये. हे शेवटचं वाक्य आमच्या बालमानसतज्ज्ञ बाईंनी आग्रहाने घातलं होतं. माणूस निघून गेलं की या वयाची मुलं कारण स्वतःत शोधतात.

नंतर आलेल्या पत्रांत माझी चौकशी होती, पण जास्त चौकशी कासवाची होती. ताई गेली हे त्याला कुणी सांगितलं का? तो रडला का? नव्या ताईला त्याचं खाणं माहीत आहे का? आमच्या लेखकाने ही पत्रं समोर ठेवूनच पुढचा भाग लिहिला. त्यात कासव पहिली काही मिनिटं कवचातून बाहेर येत नाही, आणि नवी ताई शेजारी बसून थांबते.