नेट तर चालू आहे!

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला आणि त्याच्या आगेमागे कितीतरी ऑफिसांनी आपले लॅपटॉप घाऊक भावात विंडोज ११वर चढवले. आमच्याकडेही "शुक्रवारी घरी गेल्यावर लॅपटॉप चार्जिंगला लावून चालूच ठेवा" अशी मेल आली. रात्रभर स्क्रीनवर टक्के चढत राहिले आणि सोमवारी बघते तर सगळं जिथल्या तिथे. वॉलपेपर तोच. ज्यात काय आहे हे मलाही सांगता येणार नाही तो 'न्यू फोल्डर (३)'सुद्धा सुखरूप. स्टार्टचं बटण तेवढं डाव्या कोपऱ्यातून सरकून मध्ये येऊन बसलेलं. मग ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खासगी वाट, लावायला गेले, तर ते काही लागेना.

हा बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा लोकांच्या गळी उतरवणं जास्त कठीण. प्रिंटर अडला तर निदान चुरगळलेला कागद ओढून दाखवता येतो. इथे दाखवायला काय, तर 'कनेक्टिंग' असं म्हणत गोल गोल फिरणारे चार ठिपके. "अगं, नेट तर चालू आहे!" सासूबाई म्हणाल्या, आणि पुरावा म्हणून टीव्हीवर त्यांची मालिका जराही न अडखळता चालू होती. ऑफिसातून उत्तर आलं, बाकी सगळ्यांचं लागतंय, तुमच्या घरचं नेट बघा. नेटवाला म्हणाला, ताई, लाइन एकदम क्लीन आहे, ऑफिसला विचारा. तिघंही खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत.

भाच्याला विचारलं तर तो भलत्याच उत्साहात. "मामी, तू पण व्हीपीएन वापरतेस?" त्याच्या लेखी व्हीपीएन म्हणजे आपल्याकडे न दिसणाऱ्या सीरिज बघायची चोरवाट. ही गल्लत सरकारलाही निस्तरावी लागली होती. एप्रिल २०२२मध्ये 'सर्ट-इन' या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं जपून ठेवायचा आदेश काढला, आणि मग ऑफिसांची अंतर्गत व्हीपीएन त्यात येत नाहीत असा खुलासा करावा लागला. आमचं व्हीपीएन या ऑफिसवाल्यांतलं, म्हणजे निव्वळ सोशिक. त्यातून जीएसटीची बिलं जातात, बस्स.

अपग्रेडनंतर नेमकं हेच का रुसतं? लॅपटॉपमध्ये वायफायचं एक खरंखुरं कार्ड असतं. व्हीपीएनसाठी विंडोज त्याच्या जोडीला काही खोटी कार्डं मांडून ठेवते. 'वॅन मिनीपोर्ट' हे त्यांचं नाव, आणि यादीत ती एरवी दिसतही नाहीत. अपग्रेड म्हणजे जुन्या विंडोजवर रंगाचा हात मारणं नव्हे. नवी विंडोज अख्खी नव्याने बसते, जुनी 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात १० दिवस राहते, आणि आपलं सामान इकडून तिकडे हलवलं जातं. आमच्या डोंबिवलीत ज्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्यांना हे लगेच कळेल. सोसायटीचं नाव तेच, शेजारी तेच, दारावरची पाटीसुद्धा जुनीच आणून लावलेली, आणि राहायला गेल्यावर कळतं की गॅसची पाइपलाइन जोडायची राहिलीय. फाइली दिसतात म्हणून त्यांची काळजी घेतली जाते. मिनीपोर्ट कुणी बघितलाय?

या बिघाडांचे नंबर असतात, आणि सवयीने त्यांचे स्वभाव कळायला लागतात. ६९१ सगळ्यात सज्जन. युजरनेम किंवा पासवर्ड चुकला, इतकं सरळ सांगून मोकळा होतो. ८०९ म्हणजे आपली हाक ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. वाटेत कुठला तरी राउटर किंवा फायरवॉल यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट, म्हणजे व्हीपीएनची ये-जा होते ती दारं, अडवून बसलेला असतो. अशा वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून बघावं. तिथे लागलं तर घरच्या राउटरचा कान धरायचा. माझ्या नशिबी आला ७२०. हा आतल्या गाठीचा. ओळख पटते, पासवर्ड पास होतो, आणि ऐन आत घ्यायच्या वेळी बोलणी फिसकटतात. तेव्हा सासूबाई, नेटवाला आणि ऑफिस, तिघांनाही निर्दोष सोडणं भाग होतं.

कधी कधी तर अख्खी विंडोज बदलावी लागतच नाही, साधं महिन्याचं अपडेटही पुरतं. ११ जानेवारी २०२२च्या अपडेटने जगभर अनेकांचं एलटूटीपी नावाच्या जोडणीच्या पद्धतीचं व्हीपीएन बंद पाडलं होतं. मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला मधल्या वेळीच वेगळी दुरुस्ती सोडावी लागली. त्या मधल्या दिवसांत किती जणांनी विनाकारण आपले पासवर्ड बदलले असतील, देव जाणे.

एक मात्र आहे, या आजाराला ऑफिसात प्रतिष्ठा आहे. 'लोकल लेट होती' म्हटलं की साहेब लगेच मोबाइलवर गाड्या बघतात. 'व्हीपीएन लागत नाहीये' म्हटलं की त्यांचा चेहरा गंभीर होतो, कारण तपासून बघायची सोय त्यांच्याकडेही नसते. त्या काळात माणूस रजेवर नसतो आणि कामावरही नसतो. मी त्यात मेथी निवडली.

दुरुस्तीसाठी तिकीट, म्हणजे आयटीकडे तक्रार, टाकायचं, तर तिकिटाचं पोर्टल व्हीपीएन लागल्यावरच उघडतं. ही रचना ज्याने केली त्याला एकदा भेटायचंय. शेवटी ऑफिसात बसलेल्या मैत्रिणीकडून माझ्या नावाचं तिकीट टाकून घेतलं, आणि दुपारी आयटीतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाइल स्क्रीनसमोर धरून बसले. "मॅडम, थोडं खाली घ्या... डिव्हाइस मॅनेजर... आता वर व्ह्यू... शो हिडन डिव्हायसेस." आणि नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या खाली ती सगळी लपलेली कार्डं अंधुक अक्षरांत ओळीने उभी. "वॅन मिनीपोर्टवाले सगळे अनइन्स्टॉल मारा." सगळे? "सगळे. परत येतात ते."

पण त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो काही त्याला माझ्या लॅपटॉपवर टाकता येईना, तेव्हा त्याने तो फोनवरून सांगितला. "कॅपिटल के... नाही, कमळातला के... मग अ‍ॅट द रेट..." स्पीकर चालू होता. अख्ख्या कंपनीचा डेटा जपायला म्हणून जी यंत्रणा उभी केली, तिची किल्ली आमच्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात ऐकू आली. मालिकेचा आवाज तेवढ्यापुरता कमी झाला होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' म्हटल्याबरोबर कार्डं खरंच एकेक करून परत आली. लॅपटॉप रीस्टार्ट केला, कनेक्ट दाबलं, आणि ते लागलं. इतकं चटकन की थोडा अपमानच वाटला. अडकलेल्या मेल धडाधडा आत आल्या, आणि त्यात सगळ्यात वर तिकीट बंद झाल्याची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'युजरचं इंटरनेट स्लो.' खाली पाच तारे होते, समाधान कळवायला. मी पाचही दिले. पोरगं हुशार आहे, उगाच त्याचं अप्रेझल कशाला बिघडवा.