श्वास की आतडे?

स्वयंसेवक रात्रीपासून उपाशी होता. पट्टा, घड्याळ आणि मोबाइल खोलीबाहेर ठेवून तो लाकडी पलंगावर उताणा झोपला आणि चुंबक बसवलेली कॅप्सूल त्याने घोटभर पाण्याबरोबर गिळली. ती जठरातून आतड्यात कुठवर पोहोचते, हे आम्हाला बाहेरून तिचे चुंबकीय क्षेत्र मोजून पाहायचे होते. एकच कॅप्सूल, कारण पोटात दोन चुंबक गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांमधून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिरडून तिला भोक पडू शकते.

पोटावर धरलेल्या चौकटीत चार-चारच्या ओळींत चुंबकीय क्षेत्र मोजणारे १६ हॉल सेन्सर होते. अशी मांडणी स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांनी २००१ मध्येच प्रसिद्ध केली होती. आमच्या चुंबकाचे क्षेत्र त्याच्या अक्षावर १० सेंटीमीटर अंतरावर सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या क्षेत्राइतके भरते. पण ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे २० सेंटीमीटरवर जेमतेम ५ उरते. त्यामुळे इमारतीतली लिफ्ट हलली तरी आकडे डळमळतात, आणि म्हणूनच काही सेन्सर दूर ठेवून त्यांचे वाचन वजा करावे लागते. एवढ्या खटाटोपानंतर संगणक चुंबकाच्या जागेचे तीन निर्देशांक आणि दिशेचे दोन कोन काढून देतो. चुंबक स्वतःच्या अक्षाभोवती फिरला तर मात्र ते कोणत्याही सेन्सरला कळत नाही.

प्रारंभी आलेखावर मिनिटाला ३ लाटा दिसत होत्या. ही जठराची ठरलेली लय. मग कॅप्सूल उजवीकडे सरकली, तिचा कोन झपाट्याने बदलला आणि मिनिटाला ११ ते १२ बारीक लाटा उमटू लागल्या. ही लय ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाची. मी उत्साहाने म्हणालो, "मॅडम, ड्युओडेनममध्ये गेली."

पोटविकारतज्ज्ञ मॅडमनी आलेखाऐवजी मुलाच्या छातीकडे पाहिले. "तो मिनिटाला किती श्वास घेतोय?"

मी मोजले. बाराच्या आसपास. श्वासपटल खालीवर झाले की जठरही हलते आणि कॅप्सूलही, तेव्हा या लाटा श्वासाच्याच असणे अगदी शक्य होते. निर्देशांकांवरून निवाडा होईना, कारण जठराचा शेवटचा भाग आणि ड्युओडेनम एकमेकांना इतके लगटून असतात आणि व्यक्तीगणिक इतके बदलतात, की आमच्या मिलिमीटरच्या अचूकतेचा तेथे काही उपयोग नव्हता. खरे सांगायचे तर या अचूकतेचे कौतुक आम्हा अभियंत्यांनाच जास्त असते.

मॅडमनी त्याला सांगितले, "श्वास घे आणि जमेल तितका वेळ रोखून धर."

त्याने श्वास घेताच रेघ एकदम खाली गेली आणि तेथे स्थिरावली. वीसेक सेकंद त्याने दम धरला. तेवढ्यात पहिली लाट आली. सुमारे साडेपाच सेकंदांनी दुसरी, मग तिसरी. छाती निश्चल होती आणि कॅप्सूल आपल्या लयीत डुलत होती.

"आता मान्य," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी छातीला श्वास नोंदणारा पट्टा बांधायचाच, असेही त्यांनी बजावले.

दुपारनंतर कॅप्सूल वेटोळ्यांमध्ये शिरली आणि पडद्यावरचा तिचा मार्ग गुंतवळासारखा दिसू लागला. तो मुलगा कुशीवर वळला की सगळे निर्देशांक बदलत. लय मात्र हळूहळू मंदावत होती. ती ९ च्या आसपास उतरल्यावर मॅडमनी नोंदवहीत 'इलियम', म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, असे लिहिले आणि निर्देशांकांचा रकाना कोराच ठेवला.