खडा काही हलेना

चहाची गाळणी सापडेना झाली की आमच्या घरात सगळे आधी माझ्याकडे बघतात. त्याला कारण आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर वेळी लघवी गाळून बघा, मूतखडा मिळाला तर डबीत घालून आणा, तपासायला पाठवू. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. कशातून गाळायची, ते विचारायचं राहिलं. मेडिकलवाल्याने तशा गाळणीसाठी मला बाळांच्या दुधाच्या बाटल्यांच्या कपाटाकडे पाठवलं. शेवटी ओट्यावरची एक जुनी गाळणी उचलली. कडेचं प्लास्टिक तडकलेलं, जाळी चहाने तपकिरी झालेली. ओळख पटावी म्हणून दांड्याला लाल दोरा गुंडाळला आणि बाथरूममध्ये खिळ्याला टांगली. सासूबाईंना सांगितलं नाही. सोवळंओवळं त्यांनी कधीच सोडलंय, पण उगीच परीक्षा कशाला घ्या.

काही दिवस सुरळीत गेले. मग एका दुपारी कामाच्या मावशींना उत्साह आला. बाथरूम घासलं, गाळणी लख्ख केली, दोरा ‘कचरा अडकला होता ताई’ म्हणून काढून टाकला आणि गाळणी तिच्या मूळ जागी, ओट्यावरच्या हुकाला लावून टाकली. त्या दिवशीचा चारचा चहा कोणी कशातून गाळला, हा विषय आमच्याकडे काढत नाहीत.

खडा मात्र आलाच नाही. डावीकडच्या मूत्रनलिकेत, पार खाली, मूत्राशयाच्या दाराशी बसलाय. ६ मिलिमीटर. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब, आतून जेमतेम ३-४ मिलिमीटरची, आणि तिच्यात तीन चिंचोळ्या जागा. दोन जागा स्वारीने पार केल्या. तिसरी सगळ्यांत अरुंद, तिथे गाडी अडली. ५ मिलिमीटरच्या आतले खडे बहुधा आपले आपण पडतात, १० च्या वरचे बहुधा पडत नाहीत. म्हणजे आमचा हा काठावरचा. मी जन्मभर मास्तरकी केली. काठावरच्या पोराला दोन मार्क वाढवून वरच्या वर्गात ढकलून द्यायचं, एवढा एकच उपाय मला माहीत. इथे तो चालत नाही.

ढकलायला गोळी दिली आहे, टॅम्सुलोसिन, रात्री जेवणानंतर. नळीचे स्नायू सैल पडतात म्हणे. मूळची ही पुरुषांच्या प्रोस्टेटची गोळी. मेडिकलवाल्या पोराने चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून विचारलं, “सर को तकलीफ है?” मी म्हटलं, मला आहे. त्यानंतर त्याने माझ्याकडे एकदाही न बघता सुटे पैसे मोजले.

कळेबद्दल काय लिहू? ज्याला ज्याला मूतखडा झालाय असा प्रत्येक पुरुष सांगतो की बाळंतपणाच्या कळांपेक्षा भयंकर. ह्यांचे एक मित्र तर सोफ्यावर बसून, सामोसा खाता खाता हे सांगत होते. कशावरून, भाऊ? मी दोन्ही सोसलंय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. बाळंतपणात कळ येते, ओसरते, मध्ये श्वास घेता येतो. इथेही लाट असते, पण ओसरल्यावर खाली एक ठणका उरतोच. बसवत नाही, निजवत नाही, गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर वळवळत राहायचं, मध्येच उलटी. आणि मुख्य म्हणजे एवढं सोसून शेवटी कोणी पेढे वाटत नाही. गंमत अशी, की दुखतं ते खडा टोचून कमी आणि त्याच्यामागे पाणी तुंबून, वरचा भाग ताणला जाऊन जास्त. म्हणून कळ आलेली असताना “पी, पी, पाणी पी” म्हणून तांब्या पुढे करणाऱ्यांचा मला राग येतो. तुंबलेल्या मोरीत कोणी बादली ओततं का?

तांब्यांखेरीज घरात आणखी बरंच आलं. सासूबाईंनी सियागंजच्या बाजारातून कुळीथ मागवले आणि सकाळ-संध्याकाळ कढण सुरू केलं. औषध म्हणून माहीत नाही, पण वरून तूप-जिऱ्याची फोडणी असली की झकास लागतं. शेजारच्या भाभी पत्थरचट्ट्याची अख्खी कुंडी घेऊन आल्या. “दीदी, सुबह खाली पेट दो पत्ते.” बघते तर आपली पानफुटी! तीच ती जाड, मऊ पानं, कडेला खाचा. लहानपणी आम्ही इतिहासाच्या पुस्तकात ठेवायचो. आठेक दिवसांनी उघडावं तर एकेका खाचेतून पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं आणि मोहरीएवढी दोन-दोन पानं, आणि खालच्या पानावर ओला तपकिरी डाग. पानिपताच्या लढाईवर माझ्या पुस्तकात अजून तो डाग असेल. तेव्हा ते पान खायचंही असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता खाल्लं तर चांगलंच आंबट. दुपारी सहज दुसरं तोडून चावलं तर मिळमिळीत. विज्ञान शिकवत असल्यामुळे हे मला माहीत असायला हवं आणि आहेही. हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्ल करून ठेवतं आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकतं. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना अशीच पानं चावून बघितली आणि १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. वेळीअवेळी कुंडीतली पानं खाणारी मी काही पहिली नव्हे. खड्यावर परिणाम शून्य, पण भाभींना तसं सांगवत नाही. त्या रोज भिंतीवरून कुंडीतली पानं मोजतात.

पथ्याचं तर विचारूच नका. सासूबाई म्हणाल्या, दूध बंद कर, खडा चुन्याचाच ना? डॉक्टर म्हणाले, दूध अजिबात बंद करायचं नाही. जेवणातलं कॅल्शियम खडे करणाऱ्या ऑक्झॅलेटला पोटातच धरून ठेवतं, लघवीपर्यंत जाऊ देत नाही. बंद झाले ते पालक, बीट, काजू आणि मागच्या अंगणातला माझा अळू. अळूवर बंदी ऐकून वाईट वाटलं, पण बोलायला जागा नव्हती. अळू खाजतो तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे, आणि बहुतेक मूतखडे असतात तेही त्याचेच. खरा घाव घातला मिठाने. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, म्हणून नमकीन बंद. इंदूरच्या माणसाला! सकाळी राजवाड्याजवळ ठेल्यावर म्हटलं, भैया, पोहे देना, सेव मत डालना, जीरावन भी मत डालना. त्याचा झारा हवेतच थांबला. “क्या हुआ मैडम, सब ठीक है ना?”

पुण्याहून दादाचा फोन आला. “तुमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी ना? मग खडेच होणार. नर्मदेतले गोटे तुम्ही सगळे.” लहानपणापासून तो मला नर्मदेतला गोटाच म्हणत आलाय, त्याला निमित्त लागत नाही. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं १९७८ साली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, खालून वर पठारावर चढवून आणलेलं पाणी. त्याआधी बादल्यांची रांग आणि भांडणं. बाबा फार खुशीत होते. आता काय, म्हणाले, हवं तेवढं पाणी.

आईने मात्र तेवढं पाणी कधी पिलं नाही. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला आजोळी जायचो, रात्रभराचा बसचा प्रवास. सेंधव्याला गाडी थांबायची. बाबा आणि दादा खाली उतरायचे, अंधारात पलीकडे जाऊन यायचे, चहा प्यायचे, भज्यांचा पुडा खिडकीतून वर द्यायचे. आई सीटवरून उठायची नाही. दुपारपासून तिने घोटभर पाण्यावर काढलेलं असायचं. मी पाणी मागितलं की बाटलीचं टोपण भरून द्यायची, तेवढंच. “ओठ ओले कर फक्त.” पुढे बिजासन घाट, मग धुळे, उजाडेपर्यंत ती तशीच, पदर घट्ट लपेटून, खिडकीकडे तोंड करून. मला वाटायचं, तिला झोप येत नाही.

मग मी देवासला अप-डाऊन करायला लागले. पहाटे अर्धा कप चहा, पाणी नाही. शाळेत बायकांसाठी एकच संडास, त्याला कुलूप, किल्ली मोठ्या सरांच्या टेबलाच्या खणात. किल्ली मागायची म्हणजे त्यांच्या खोलीत बसलेल्या चार जणांसमोर जाहीर करायचं. आम्ही मॅडम लोकांनी त्यापेक्षा पाणीच सोडलं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधी बाथरूम. एवढ्या वर्षांत आमच्यात या विषयावर कधी चर्चा झाली नाही. नवीन आलेल्या मॅडमलाही सांगावं लागायचं नाही, ती घरून शिकूनच यायची. वर्गातल्या मुलींचीही तीच गत. ‘पाण्याचे महत्त्व’ हा धडा मी दर वर्षी शिकवला आहे.

मूतखडे बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतात, असं डॉक्टरांनी आश्चर्याने सांगितलं. मी काही बोलले नाही. त्यांच्या चिठ्ठीवर खाली छापलेलंच आहे, दिवसाला ३ लिटर पाणी.

आता तर दुखायचंही थांबलंय. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, सासूबाईंनी गणपतीला नारळ ठेवला. पण सोनोग्राफीत साहेब आहेत तिथेच आहेत आणि वरचं मूत्रपिंड थोडं सुजलंय. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नसतं, डॉक्टर म्हणाले. गपचूप बसलेला खडा जास्त वाईट, मूत्रपिंड कामातून जाईपर्यंत पत्ता लागत नाही. चार-सहा आठवडे वाट बघतात, त्यापुढे नाही. तेव्हा सोमवारी दुर्बीण घालून लेझरने फोडायचा ठरलाय. सुश्रुताने मुतखड्याच्या शस्त्रक्रियेआधी राजाची परवानगी घ्यायला सांगितलं आहे, कारण रोगी वाचेल याची खात्री नसे. आमची परवानगी विमा कंपनीकडे अडकली आहे. हे सकाळपासून फोन कानाला लावून फेऱ्या मारतायत, तिकडे बासरी वाजते आहे.

काल दुपारी माझ्या जागी आलेली नवीन मॅडम भेटायला आली. पोरसवदा आहे, देवासलाच राहते. ऊन मरणाचं होतं, चेहरा लाल झालेला. मी माठातलं पाणी दिलं. तिने ओठाला लावल्यासारखं केलं आणि ग्लास टीपॉयवर ठेवून दिला. म्हटलं, अगं पी ना. तर म्हणाली, “नको मॅडम, अजून बस पकडायचीय.”

मी म्हटलं, बाथरूम तिकडे आहे, डाव्या हाताला. आधी हे पाणी संपव. मग आणखी एक ग्लास देते तो संपव. मग तिकडे जाऊन ये, आणि मग बसचं बघू.